आधी कड, मग चेहरा

चेहऱ्यावरचा कातडीचा कर्करोग काढताना सर्जनपुढे दोन कामं असतात. रोग चारही बाजूंनी आणि खालून पुरता काढणं हे पहिलं. त्यानं पडलेली खोक भरून डोळा मिटेल, ओठ जुळतील, नाकानं श्वास घेता येईल असा चेहरा परत उभा करणं हे दुसरं. क्रम हाच असायला हवा. रुग्णाला आणि घरच्यांना साहजिकच दुसऱ्या कामाची घाई असते, कारण खोक दिसते आणि कडेला राहिलेल्या पेशी दिसत नाहीत. त्या घाईत रोगाच्या कडेवरच चांगली कातडी शिवली गेली, तर तो खाली दडून वाढतो आणि पुन्हा वर दिसेपर्यंत कूर्चा किंवा हाड गाठून बसतो.

ही कृती चंद्रपूर आणि गडचिरोलीतल्या रुग्णांच्या घरच्यांसाठी, आशाताईंसाठी आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात नुकत्याच रुजू झालेल्या डॉक्टरांसाठी आहे. चाकू सर्जनच्याच हाती राहणार. पण चाकूच्या आधीची आणि नंतरची बरीचशी कामं गावात होतात, आणि ती बिघडली तर नागपूरच्या उत्तम सर्जनचाही हात बांधला जातो.

ओळखायचं कसं

चेहऱ्याच्या कातडीचे मुख्य कर्करोग तीन. बेसल सेल कार्सिनोमा सगळ्यांत संथ. डोळ्याचा आतला कोपरा, नाक, नाकपुडीशेजारची खोबण, गालाचा वरचा भाग, कपाळ ही त्याची नेहमीची ठिकाणं. दूरच्या अवयवात तो फार क्वचित जातो, पण जागच्या जागी पोखरत राहतो. स्क्वॅमस सेल कार्सिनोमा त्याहून भरभर वाढतो. ओठावर आणि कानावर तो अधिक खोडसाळ असतो, आणि मानेतल्या गाठींत उतरू शकतो. तिसरा मेलॅनोमा. आपल्याकडे तो विरळा, आणि चेहऱ्यापेक्षा तळपायावर जास्त आढळतो, पण तिघांत घातक तोच.

वैद्यकाच्या पुस्तकांत बेसल सेलचं चित्र बहुधा गोऱ्या चेहऱ्यावरचं असतं: गुलाबी, मोत्यासारखी चकाकी, वर लाल शिरा. आपल्या सावळ्या कातडीत तो बहुतेकदा काळाच दिसतो. म्हणून घरचे त्याला तीळ किंवा मस म्हणतात आणि वर्षानुवर्षं सोडून देतात. त्याची कड बघा. ती दोऱ्यासारखी किंचित उचललेली असते, मधे खड्डा पडतो, खपली धरते, पडते, थोडं रक्त येतं, पुन्हा खपली धरते. दुखत नाही, म्हणूनच वेळ जातो. साधी जखम चार आठवड्यांत भरायला हवी. चेहऱ्यावरची जी चार आठवड्यांत भरत नाही, जिच्याजवळच्या पापणीचे केस गळतात, जिच्या भोवती बधिरपणा किंवा मुंग्या आहेत, किंवा जिच्यासोबत मानेत वा कानापुढे गाठ लागते, ती तपासल्याशिवाय सोडायची नाही.

या दोन जिल्ह्यांत आणखी काही गोष्टी ध्यानात ठेवाव्या लागतात. शेत, मोहफूल, तेंदूपत्ता, बांबू ही सगळी उन्हातली कामं. कातडीला गोरेपणाचा आजार असलेल्या, म्हणजे अल्बिनिझम असलेल्या माणसाला या उन्हापासून कसलंच नैसर्गिक संरक्षण नसतं. जवळच्या नात्यातल्या लग्नांतून कधीकधी झेरोडर्मा पिगमेंटोसम हा आजार घेऊन मूल जन्मतं. त्याला लहान वयातच चेहऱ्यावर कर्करोग होऊ लागतात. अस्वलाच्या हल्ल्यात फाटलेला किंवा चुलीत भाजलेला चेहरा बरा होऊन वीस-तीस वर्षं झालेली असतात, आणि त्याच जुन्या व्रणात एक जखम उघडते ती मिटतच नाही. तिला व्रणातला स्क्वॅमस समजूनच चालायचं. गडचिरोलीच्या सीमेपलीकडे, छत्तीसगडच्या अंबागड चौकी भागातल्या कौरीकसाच्या परिसरात पाण्यात आर्सेनिक सापडलेलं आहे. त्या बाजूच्या माणसाचे तळहात-तळपाय खरखरीत झालेले दिसले, तर पिण्याचं पाणी कुठलं हे विचारा आणि चेहऱ्याबरोबर सगळं अंग तपासा. आणि इथे कुष्ठरोग अजून आहे. चेहऱ्यावरच्या चट्ट्याची संवेदना जरूर तपासावी, पण गाठ दिसली की तिला कुष्ठरोगाच्या गोळ्या चालू करून महिनोन्‌महिने वाट बघणं चूक. तुकडा तपासला की दोन्हींचा निकाल एकदमच लागतो.

तोवर घरी काय करायचं नाही हे फार महत्त्वाचं. मस घालवायला बिब्ब्याचा चटका देतात, चुना आणि धुण्याचा सोडा लावतात, तापल्या सळईनं डागतात. वरचा उंचवटा जळतो, खपली पडते, बरं झाल्यासारखं वाटतं. रोगाची मुळं तशीच राहतात, आणि भाजल्याच्या व्रणात सर्जनला त्याची खरी कड सापडेनाशी होते. पार्लरमधलं मशीन किंवा दवाखान्यातलं जाळणंही तपासणीविना केलं तर तेवढंच वाईट.

तुकडा काढणं

पहिला टप्पा बायोप्सीचा. तुकडा काढल्यानं कॅन्सर पसरतो ही भीती गावोगाव आहे, आणि तिच्यापायी माणसं वर्ष वर्ष घालवतात. तुकड्यानं हे रोग पसरत नाहीत. त्याच्याशिवाय किती कापायचं हे ठरवताच येत नाही.

तुकडा काढण्याआधी मोबाइलवर फोटो घ्या. एक पूर्ण चेहऱ्याचा, एक जवळून, शेजारी मोजपट्टी धरून, आणि फोटोत डोळा, कान किंवा नाक यांपैकी दोन खुणा दिसल्या पाहिजेत. याचं कारण अगदी व्यवहाराचं आहे. लहान गाठ बायोप्सीनंतर कधीकधी वरून भरून येते, रुग्ण दोन महिन्यांनी नागपूरला पोहोचतो, आणि तिथल्या डॉक्टरला जागाच कळत नाही. वयस्क माणसाच्या चेहऱ्यावर तीळ-मस अनेक असतात. चुकीचा काढला जाण्याची शक्यता खरी असते. फोटो, आणि कागदावर काढलेलं चेहऱ्याचं साधं चित्र, ही जोखीम टाळतं.

जागेपुरती भूल देऊन ३ किंवा ४ मिलिमीटरच्या पंचनं कडेचा तुकडा घ्यावा, पूर्ण जाडीचा. मधल्या सडलेल्या भागात नुसत्या मेलेल्या पेशी मिळतात आणि अहवाल निरुपयोगी येतो. मेलॅनोमाची शंका असेल आणि गाठ लहान असेल, तर तुकडा न घेता सबंध गाठ भोवतालच्या १ ते ३ मिलिमीटर कातडीसह काढून पाठवावी, कारण पुढचा सगळा हिशेब तिच्या जाडीवर असतो. तुकडा १० टक्के फॉर्मॅलिनमध्ये, तुकड्याच्या निदान दहापट द्रावणात ठेवायचा. सलाइनमध्ये किंवा स्पिरिटमध्ये टाकलेला तुकडा वाया जातो, आणि त्यासाठी कोणाला एटापल्लीहून पुन्हा बोलावणं हा अन्याय आहे. बाटलीवर नाव, वय, बाजू आणि नेमकी जागा लिहा. झाकणावर लिहू नका, झाकणं बदलतात.

त्याच दिवशी मान, जबड्याखालचा भाग आणि कानापुढची लाळग्रंथी हातानं चाचपा. गाठ लागली तर सुईनं पाणी काढून तपासायला सांगा. रोग डोळ्याजवळ असेल, हाडाला चिकटला असेल किंवा बधिरपणा असेल, तर आधी सीटी किंवा एमआरआय लागतो.

कुठे जायचं, काय घेऊन जायचं

गालावर, कपाळावर सेंटिमीटरभर असलेला, कड स्पष्ट असलेला बेसल सेल जिल्ह्याच्या ठिकाणी अनुभवी सर्जन नीट काढू शकतो. चातगावजवळच्या शोधग्रामला आणि भामरागड तालुक्यातल्या हेमलकशाला बाहेरचे सर्जन येऊन शस्त्रक्रिया शिबिरं घेतात. तिथेही अशा लहान गाठींबद्दल विचारता येतं. पण डोळ्याचा कोपरा, पापणी, नाकपुडी, कान आणि ओठ इथला, २ सेंटिमीटरहून मोठा, एकदा काढून परत उगवलेला, किंवा मानेत गाठ असलेला रोग शिबिरात काढू नये. तो मोठ्या रुग्णालयाचाच. नागपुरात शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, एम्स, राष्ट्रसंत तुकडोजी प्रादेशिक कर्करोग रुग्णालय आणि जामठ्याचं नॅशनल कॅन्सर इन्स्टिट्यूट आहे. वर्ध्याकडे सेवाग्राम आणि सावंगी आहे. जाण्याआधी फोन करून दोनच प्रश्न विचारा: फ्रोझन सेक्शन (शस्त्रक्रिया चालू असतानाच कड तपासणं) होतं का, आणि चेहरा दुरुस्त करणारे प्लास्टिक सर्जन आहेत का.

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत पैसे भरावे लागू नयेत. ही योजना २ जुलै २०१२ ला, तेव्हाच्या राजीव गांधी नावानं, पहिल्या आठ जिल्ह्यांत सुरू झाली आणि त्या आठांत गडचिरोली होता. रेशनकार्ड आणि आधार मूळ प्रतीत न्या आणि दोन्हींवरचं नाव सारखं आहे का हे घरीच तपासा. माडिया आणि गोंड नावांची स्पेलिंगं दोन कागदांवर दोन तऱ्हेची असतात आणि मंजुरी तिथेच अडते. रुग्णालयात आधी आरोग्यमित्राला भेटा. योजनेची चौकशी १५५३८८ या क्रमांकावर होते. वडसा किंवा बल्लारपूरहून रेल्वेनं जाणाऱ्या कर्करोग रुग्णाला आणि सोबतच्या एका माणसाला भाड्यात मोठी सवलत असते. रुग्णालयाचं प्रमाणपत्र मागून घ्या.

महिनाही बघा. भामरागड ते नागपूर अंतर ३०० किलोमीटरहून अधिक, आणि पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा रस्ताच तुटतो. जुलै ते सप्टेंबरमध्ये शस्त्रक्रिया करायचीच असेल तर टाके निघेपर्यंत आणि अहवाल हाती येईपर्यंत नागपुरात किंवा गडचिरोलीत राहण्याची सोय आधी करा. बेसल सेलसाठी दोन-तीन आठवडे इकडे-तिकडे चालतात. स्क्वॅमस आणि मेलॅनोमासाठी धानाची रोवणी आटोपण्याची वाट बघू नका.

शस्त्रक्रियेआधी

सिकलसेलची तपासणी केलेली नसेल तर आरोग्य केंद्रातच करून घ्या. सिकलसेलच्या रुग्णाला पूर्ण भूल देताना शरीरात पाणी कमी पडणं, थंडी वाजणं आणि प्राणवायू कमी होणं या तिन्ही गोष्टींनी जिवावर बेतू शकतं. भूलतज्ज्ञाला आधी कळलं तर तो तिन्ही सांभाळतो. सिकलसेलचं लाल किंवा पिवळं कार्ड असेल तर ते फाइलच्या पहिल्या पानावर लावा.

तंबाखू-सुपारीचा खर्रा शस्त्रक्रियेच्या निदान तीन-चार आठवडे आधी बंद. तंबाखूतल्या निकोटीननं बारीक रक्तवाहिन्या आवळतात आणि सरकवून लावलेली कातडी टोकाकडून काळी पडून मरते, विडी-सिगारेटनंही तेच. सुपारीचं नुकसान वेगळं आहे. तिनं तोंड आखडतं. स्वतःची तीन बोटं उभी करून तोंडात जातात का बघा. जात नसतील तर भूलतज्ज्ञाला सांगा, कारण श्वासनळीत नळी घालणं अवघड जाणार आहे आणि त्याला वेगळी तयारी लागते. मोहाची दारू रोज घेत असाल तर तेही लपवू नका. अचानक बंद पडली की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी थरथर आणि भ्रम होतो आणि रुग्ण चेहऱ्यावरची पट्टी ओरबाडून काढतो.

रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या स्वतःच्या मनानं बंद करायच्या नाहीत. हृदयात स्टेंट असलेल्या माणसानं गोळी थांबवण्यातला धोका चेहऱ्याच्या रक्तस्रावाहून मोठा असतो. मधुमेह आणि रक्तदाब आटोक्यात हवा. रक्तदाबाची गोळी सकाळी घोटभर पाण्यासोबत घ्यायची का हे विचारून ठेवा. धनुर्वाताची सुई घेतलेली असावी.

टेबलावर

बहुतेक लहान-मध्यम शस्त्रक्रिया जागेपुरत्या भुलेत होतात. क्रम असा.

रुग्णाला आधी बसवून, चांगल्या उजेडात, भिंगातून रोगाची कड पेननं आखतात. हे सुई टोचण्याआधीच. औषध भरलं की कातडी फुगते, पांढरी पडते आणि कड पुसट होते. बसलेल्या रुग्णाला हसायला, कपाळाला आठ्या घालायला, डोळे घट्ट मिटायला सांगतात. ज्या सुरकुत्या उमटतात त्यांच्या रेघेत टाके आले तर व्रण त्यांत लपतो. आडवं झोपवल्यावर चेहऱ्याच्या या रेघा बदलतात.

पहिल्या रेघेबाहेर दुसरी रेघ येते, आणि सगळं तिच्यावर अवलंबून आहे. दोन्हींमधलं अंतर म्हणजे चांगली दिसणारी पण सोबत काढायची कातडी. २ सेंटिमीटरच्या आतल्या, स्पष्ट कडेच्या बेसल सेलला ४ मिलिमीटर. एवढ्यात शंभरातले सुमारे ९५ रोग पुरते निघतात. कमी जोखमीच्या स्क्वॅमसला ४ ते ६ मिलिमीटर, जास्त जोखमीच्याला त्याहून अधिक. मेलॅनोमाला जाडीप्रमाणे १ ते २ सेंटिमीटर. चेहऱ्यावर ४ मिलिमीटर म्हणजे कधी अख्खी पापणी किंवा नाकपुडीची कड असते, म्हणून हात आखडण्याचा मोह होतो. तिथे सर्जनशी बोलताना घरच्यांनी "जरा कमी कापा" म्हणू नये. ते शब्द ऐकून कोणी खरंच कमी कापलं तर पुढची शस्त्रक्रिया दुप्पट मोठी होते.

भुलेसाठी लिग्नोकेन, सोबत अ‍ॅड्रिनॅलिन. अ‍ॅड्रिनॅलिननं रक्त कमी येतं आणि भूल जास्त वेळ टिकते. मर्यादा किलोमागे ७ मिलिग्रॅम. आपल्याकडच्या ४५ किलोच्या आजीला हे ३१५ मिलिग्रॅम, म्हणजे २ टक्क्यांचं जेमतेम १५ मिलिलिटर. मोठी गाठ असेल तर औषध पातळ करून वापरावं, बाटलीवर बाटली ओतू नये. ओठांभोवती मुंग्या आल्या, कानात घुमू लागलं तर रुग्णानं लगेच सांगावं. टोचल्यावर दहा मिनिटं थांबायचं. लगेच कापलं तर रक्तही येतं आणि दुखतंही.

कातडी स्वच्छ करताना डोळ्याजवळ आणि कानाजवळ क्लोरहेक्झिडिन किंवा स्पिरिट नको, पातळ पोव्हिडोन आयोडीन चालतं. नाकाशी प्राणवायूची नळी असताना चादरीखाली तो साठतो, आणि रक्त थांबवणाऱ्या विजेच्या चिमट्याची ठिणगी पडली तर आग लागते. चेहऱ्याच्या शस्त्रक्रियेतला हा ओळखीचा धोका आहे. चिमटा वापरताना प्राणवायू थांबवायचा किंवा कमी करायचा, स्पिरिट वाळलेलं असल्याची खात्री करायची.

मग बाहेरच्या रेघेवर चाकू, कातडीला काटकोनात, तिरका नको. खोली कातडीखालच्या चरबीपर्यंत. नाकावर आणि कानावर कूर्चेवरच्या पडद्यापर्यंत. कूर्चेला चिकटलेला असेल तर कूर्चेसकट. कानशिलावर भुवई उचलणारी आणि जबड्याच्या कडेवर ओठ खाली ओढणारी चेहऱ्याच्या नसेची फांदी कातडीच्या फार जवळ असते. ती वाचवता येते तिथे वाचवावी. रोगानं धरली असेल तर तिच्यासाठी रोग ठेवायचा नसतो, आणि हे रुग्णाशी आधी बोललेलं असावं.

काढलेल्या तुकड्याला दोन दोरे बांधतात, आखूड दोरा वरच्या बाजूला, लांब दोरा बाहेरच्या. अर्जावर चेहऱ्याचं चित्र काढून त्याची दिशा दाखवतात. दोरे नसलेल्या तुकड्यात रोग कडेला लागला असं अहवालात आलं तरी कोणत्या कडेला हे कोणी सांगू शकत नाही, आणि मग चारही बाजू पुन्हा कापाव्या लागतात.

कड मोकळी आहे का

या टप्प्यावर थांबायचं. खोक शिवण्याआधी कड तपासण्याचे तीन मार्ग आहेत.

सगळ्यांत चोख मोहस शस्त्रक्रिया. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनच्या फ्रेडरिक मोहस यांनी ती १९३० च्या दशकात सुरू केली. थर काढायचा, त्याची संपूर्ण कड तिथेच सूक्ष्मदर्शकाखाली बघायची, जिथे रोग दिसेल तेवढ्याच जागेचा पुढचा थर काढायचा. नेहमीच्या पद्धतीत पावाच्या लादीसारखे उभे काप घेतात आणि प्रत्यक्षात कडेचा एक टक्काही बघितला जात नाही. पहिल्यांदाच झालेला बेसल सेल मोहसनं काढला तर पाच वर्षांत परत येण्याचं प्रमाण सुमारे १ टक्का, साध्या कापणीनंतर १० टक्क्यांच्या घरात. एकदा परत उगवलेला असेल तर हेच आकडे साधारण साडेपाच आणि सतरा होतात. पहिली शस्त्रक्रिया नीट होण्याला इतकं महत्त्व का, ते या आकड्यांत आहे. मोहस भारतात मोजक्या ठिकाणी होते.

दुसरा मार्ग फ्रोझन सेक्शन. तुकडा गोठवून २०-३० मिनिटांत पॅथॉलॉजिस्ट कड सांगतो, तोवर रुग्ण टेबलावरच असतो. मोठ्या रुग्णालयांत हे होतं, आणि बेसल सेल व स्क्वॅमससाठी चांगलं चालतं. मेलॅनोमासाठी त्यावर विसंबू नये.

तिसरा मार्ग आपल्या जिल्ह्यांसाठी सगळ्यांत कामाचा, आणि तोच सगळ्यांत कमी वापरला जातो: दोन टप्प्यांची शस्त्रक्रिया. रोग काढायचा, खोकेवर व्हॅसलिन जाळी आणि पट्टी ठेवायची, नेहमीचा अहवाल येईपर्यंत काही दिवस थांबायचं, कड मोकळी आल्यावर चेहरा भरायचा. उघड्या खोकेचे ते दिवस घरच्यांना जड जातात. "डॉक्टरनं अर्धवट सोडलं" असं गावात बोललं जातं. आधी समजावून सांगितलं, रोज पट्टी केली, तर ती खोक स्वच्छ राहते आणि दुरुस्तीचं काहीही बिघडत नाही. काठ सरळ टाक्यांनी सहज जुळत असतील तर लगेच शिवायला हरकत नाही, कारण गरज पडली तर तोच व्रण पुन्हा उघडता येतो. कातडी सरकवून, फिरवून भरायची असेल तेव्हा मात्र कड कळल्याशिवाय हात लावू नये.

खोक भरणं

लहान खोक सरळ टाक्यांनी मिटते. ओठाचा तिसऱ्या हिश्शापर्यंतचा आणि पापणीचा चौथ्या हिश्शापर्यंतचा भाग गेला तरी काठ जोडता येतात. डोळ्याचा आतला कोपरा आणि कानशील अशा खोलगट जागा कधी न शिवता नुसत्या पट्ट्यांवर छान भरून येतात. कातडी लावायची तर कानामागची किंवा गळपट्टीच्या हाडावरची घेतात, रंग जुळतो. मांडीची चेहऱ्यावर ठिगळासारखी दिसते. गालाला शेजारची कातडी फिरवून आणतात.

नाकाचं मोठं भगदाड भरायची उत्तम पद्धत आपल्याच मुलखातून जगात गेली. टिपू सुलतानाच्या कैदेत नाक आणि हात गमावलेल्या, इंग्रज फौजेत बैल हाकणाऱ्या कावसजी नावाच्या माणसाचं नाक पुण्याजवळ विटा पाडणाऱ्या समाजातल्या एका जाणकारानं कपाळाच्या कातडीनं बांधलं. मेणाचा पातळ पत्रा नाकाच्या जागी बसवून, तो कपाळावर पसरून त्याचा आकार आखायचा, तेवढी कातडी देठासकट उलटवून खाली आणायची. याचं वर्णन लंडनच्या जेंटलमन्स मॅगझिनमध्ये ऑक्टोबर १७९४ मध्ये छापून आलं, त्यावरून जोसेफ कार्प्यू यांनी १८१४ मध्ये लंडनला ती करून पाहिली, आणि तिथून ती युरोपभर गेली. आजचा सर्जन मेणाऐवजी टाक्यांच्या दोऱ्याच्या पाकिटाची चांदी कापून तोच आकार घेतो. भुवईच्या आतल्या टोकाशी असलेल्या धमनीवर तो देठ जगतो. साधारण तीन आठवड्यांनी, नव्या जागेतून रक्त मिळू लागल्यावर, देठ कापतात. मधल्या तीन आठवड्यांत भुवईपासून नाकापर्यंत मांसाचा पूल दिसतो. नातवंडांना आधी सांगून ठेवा, म्हणजे ती आजोबांना बघून घाबरणार नाहीत आणि आजोबाही तोंड लपवून बसणार नाहीत.

नंतरचे दिवस

पहिले दोन दिवस उशी उंच, दोन उशा. झुकून काम नाही, डोक्यावर गुंडी-मोळी नाही, चुलीपुढे बसणं नाही. जागा अचानक ताणून फुगली, ठणकू लागली तर आत रक्त साचतंय, लगेच दवाखाना. फिरवून लावलेली कातडी पांढरी पडली तर रक्त पोहोचत नाही, निळी-काळी झाली तर रक्त परत जात नाही. दोन्हींत तासांचा हिशेब असतो, सकाळची वाट बघू नये.

लावलेल्या कातडीवरची बांधीव पट्टी पाचव्या ते सातव्या दिवशी रुग्णालयातच उघडायची. बाकी टाक्यांची जागा उकळून गार केलेल्या पाण्यानं रोज पुसून वर व्हॅसलिनचा पातळ थर. हळद, राख, शेण, पाल्याचा लेप काहीही नको. उघडी जखम असेल तर माशा बसू देऊ नका. चेहऱ्यावरच्या जखमेत अळ्या पडलेले रुग्ण इथे येतात. मच्छरदाणीत झोपवा, ती डासांसाठी तशीही हवीच. ताप आला तर जखम बघा आणि त्याच दिवशी मलेरियाचीही चाचणी करा. गडचिरोलीत शस्त्रक्रियेनंतरचा प्रत्येक ताप जखमेचा नसतो.

चेहऱ्याचे टाके पाचव्या ते सातव्या दिवशी निघाले पाहिजेत. त्याहून राहिले तर टाक्यांच्या आडव्या खुणा कायमच्या उमटतात. लांबच्या गावच्या रुग्णाला सर्जननं टाके किती, कधी काढायचे हे मराठीत लिहून द्यावं, आणि ते आरोग्य केंद्रातल्या सिस्टरनं काढावेत. तीन-चार आठवड्यांनंतर व्रणावर दिवसातून दोन-तीनदा बोटानं हलका मसाज. उन्हात जाताना रुंद काठाची टोपी, शेला किंवा छत्री, कायमची.

शेवटचा कागद अहवालाचा, आणि तो वाचायला शिका. रोगाचा प्रकार, जाडी, कडेपासून अंतर मिलिमीटरमध्ये, खालची कड, नसेभोवती रोग आहे का, एवढं त्यात असलंच पाहिजे. कड मोकळी नसेल तर पुन्हा कापणं किंवा शेक, म्हणजे रेडिओथेरपी, यांचा निर्णय लगेच व्हावा. नसेभोवती पसरलेल्या रोगाला आणि शस्त्रक्रिया न झेपणाऱ्या अतिवृद्धांना शेक उपयोगी पडतो. झेरोडर्माच्या मुलांना शक्यतो टाळावा.

बेसल सेलच्या रुग्णानं पाच वर्षं दर सहा ते बारा महिन्यांनी चेहरा आणि अंग दाखवावं, कारण एकाला झाला की दुसरा नवा होण्याची शक्यता वाढते. स्क्वॅमसच्या रुग्णाची पहिली दोन वर्षं दर तीन ते सहा महिन्यांनी मान चाचपायची असते, आणि हे काम आरोग्य केंद्रातही होतं. स्क्वॅमस परत यायचा असेल तर चारांतल्या तिघांना तो पहिल्या दोन वर्षांतच येतो. त्या दोन वर्षांतली एकही तारीख चुकवू नका, मोहफुलांच्या दिवसांतलीसुद्धा.